उन्हाळी कातडं

नोव्हेंबरात माझी मैत्रीण टोन्च्का गोठलेलं कातडं पिशवीत घालून माझ्या कातडी कमावायच्या पडवीत आली.

"ड्रागोला साठ पूर्ण होतायत," ती म्हणाली. "फ्रीझरच्या तळाशी सापडलं. केसांसकट कमावून दे ना. त्याला मात्र कळू देऊ नकोस हं, नेझा."

ड्रागो तिचा नवरा, आमच्या गावच्या शिकारी मंडळाचा प्रमुख. त्याच्याच साक्षीवरून ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या भावाची, मिर्कोची, बंदूक गेली होती. मिर्कोच्या कुरणाशेजारी गवतावर रक्त सापडलं आणि हरणाची दोन पाडसं आईवाचून ओरडत फिरताना दिसली. गोळीचा आवाज मिर्कोच्या बाजूने आला, असं ड्रागोने सांगितलं. उन्हाळ्यात मादीवर गोळी झाडायची नाही, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. मिर्को शपथा घेत राहिला. मी गप्प बसले. तो पहिल्यापासून उतावळा. मला वाटलं, मारली असेल.

मिठाच्या पाण्यात बर्फ सुटल्यावर मी कातडं पसरलं, तर केस तांबडे आणि आखूड. थंडीत मारलेल्या हरणाचे केस दाट, राखाडी असतात. आतलं मांस खरवडताना पोटापाशी सड लागले, ओढून लांब झालेले. दूध पाजणारी मादी होती.

टोन्च्काला खरंच काही ठाऊक नसेल? की मी काय करते ते बघायला मुद्दाम पाठवलं असेल? आणि मिर्कोनेच ते ड्रागोला दिलं असेल तर? कोणाला विचारायची सोय नव्हती. मी कातडं तुरटी-मिठाच्या पिंपात टाकलं.

आठवड्याने ड्रागो आला. बोलत माझ्याशी होता, नजर पिंपावर.

"बायकोच्या पोटात काही राहत नाही," तो हसला. "नेझा, केस काढून टाक. हातमोजे शिवीन म्हणतो."

"तुरटीत पडलंय. आता केस सुटायचे नाहीत."

"मग कात्रीने काप."

"एवढं चांगलं कातडं?"

"माझंच आहे ना?"

"बघते," मी म्हटलं. तो गेल्यावर पडवीला कुलूप लावलं. दोन दिवसांनी कुलपाभोवती ताजे ओरखडे दिसले. तेव्हा कातडं घरात आणलं, अंड्याचा बलक चोळला आणि मऊ होईपर्यंत टेबलाच्या कडेवर ओढत राहिले. खांदे भरून आले.

वाढदिवस मंडळाच्या सभागृहात होता. मी कातडं केसांची बाजू वर करून टेबलावर पसरलं. म्हाताऱ्या शिकाऱ्याने, लोइझेने, केसांवरून हात फिरवला, मग उलटवून पोट बघितलं.

"ही उन्हाळ्यात मारलीय," तो म्हणाला.

"जुनं आहे ते," ड्रागो घाईने म्हणाला. "तीन वर्षांपूर्वीचं."

"पाजणारी मादी कुठल्या वर्षी मारायची मुभा होती रे?"

ड्रागोने खुर्ची ओढली आणि बसला. "अंधुक होतं," तो म्हणाला. "नर वाटला मला. आणि मी प्रमुख... कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि मिर्को?" लोइझेने विचारलं. ड्रागोने कातड्याची घडी घालायला घेतली.

टोन्च्का त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"तुला माहीत होतं."

"अंदाज होता."

"मग मला आधी का नाही सांगितलंस? मैत्रीण ना मी तुझी?"

तूही सामील असशील असं वाटलं, हे माझ्या जिभेवर होतं. तिने ते माझ्या चेहऱ्यावरच वाचलं. कोट उचलून ती एकटीच निघून गेली.

तिथून मी तडक मिर्कोकडे गेले. तो लाकडं फोडत होता. सगळं ऐकून घेतलं, कुऱ्हाड ओंडक्यात रोवून ठेवली.

"तुला काय वाटलं होतं, ताई?"

"तूच मारलीस, असं."

"माहीत होतं मला," तो म्हणाला आणि फोडलेली लाकडं रचायला वाकला.

महिन्याभरात त्याची बंदूक परत मिळाली. नाताळला तो आमच्याकडे आला, पोरांना भेटला, पण जेवायला थांबला नाही.