गैरहजर सभासदाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे, चार कप्प्यांचा, आणि आधीच कबूल करून टाकतो की माझा स्वभाव फार जळका आहे. माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की माझ्या कडीपासून बुडापर्यंत आग होते. शेजारच्या पातेल्याला कुणी हौसेने घासलं, तरी मला ते सहन व्हायचं नाही.

बेगमबाजारातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. पुढे काचीगुड्याच्या स्नेहसेवा मंडळाने मला विकत घेतलं आणि झाकणावर मंडळाचं नाव कोरून घेतलं. स्टेशनजवळ एका छापखान्याच्या वर मंडळाची खोली आहे. दर गुरुवारी दुपारी एक वाजता सभासद तिथे जमतात. विठाबाई बगारा भात, आंबट वरण आणि पोळ्या करतात. हात धुऊन झाले की प्रत्येकजण आपल्या घरची बातमी सांगतो. कुणाची मुलगी पास झाली, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला नात झाली. मग कामाचं बोलणं निघतं. नेत्रतपासणीची शिबिरं हे मंडळाचं मोठं काम.

आणि माझं काम? जो सभासद आला नाही, त्याचं जेवण माझ्यात भरायचं आणि त्याच दुपारी त्याच्या घरी पोचवायचं. मंडळाचा नियमच होता तो! रेल्वेतून निवृत्त झालेले धम्मानंद मला स्कूटरच्या हुकाला अडकवून न्यायचे. विद्यानगर म्हणू नका, कुकटपल्ली म्हणू नका, सगळीकडे मी फिरलो. परत देताना भांडं रिकामं द्यायचं नाही, ही आपल्या माणसांची रीत. म्हणून कुणी चमचाभर साखर घालायचं, कुणी दोन लिंबं, कुणी परसातला कढीपत्ता. आणि दारात उभ्या उभ्या धम्मानंदांना घरची सगळी हालहवाल कळायची. पुढच्या गुरुवारी मला उघडलं की हिम्मतराव, म्हणजे आमचे अध्यक्ष, आधी साखरेची चिमूट तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "आता सांगा धम्मानंद, काय खबर?" काय रुबाब होता माझा, सांगू!

मग तो मेला मोबाइल आला.

केतकी नवी सचिव झाली. कंपनीत नोकरी करणारी हुशार मुलगी, मंडळात सगळ्यांत तरुण. तिने मंडळासाठी मोबाइल घेतला आणि सगळ्यांचा ग्रुप केला. "काका, एवढ्या ट्रॅफिकमधून डबा घेऊन कशाला परेशान होता? मी ग्रुपवर विचारते ना, सगळं ठीक आहे का म्हणून." सगळे लगेच हौ हौ म्हणाले. मोबाइलला टेबलावर मानाची जागा मिळाली, खाली विणलेला रुमाल काय, वर पंखा काय! आणि मी? कपाटावर, शिबिराच्या जुन्या फलकामागे, धूळ खात. तो टिंग वाजला की सगळ्यांच्या माना वळायच्या. मी मनात म्हणायचो, पड एकदा त्या टेबलावरून आणि फूट. खोटं कशाला सांगू, रोज म्हणायचो.

सगळ्यांत जास्त जळायचो मी दौलतरावांमुळे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, बायको वारल्यापासून विद्यानगरला एकटे राहणारे दौलतराव. वीस वर्षं त्यांनी नेत्रशिबिरात वहीत नावं लिहून घेतली. ते माझे लाडके. पण मागचे चार महिने ते सभेला येईनासे झाले. केतकी दर गुरुवारी ग्रुपवर विचारायची, आणि दौलतरावांचा अंगठा लगेच यायचा. सगळं ठीक ना काका? अंगठा. जेवण वेळेवर होतं ना? तुम्ही याल का पुढच्या वेळी? अंगठा. धम्मानंदांनी दोनदा फोन केला, तर म्हणाले, "मजेत आहे, जरा कंटाळा येतो इतकंच." मी कपाटावर धुमसत होतो. त्या काचेच्या तुकड्याला अंगठे, आणि माझी साधी आठवणसुद्धा नाही!

एका गुरुवारी धम्मानंदांना त्याच बाजूला काम होतं. ते म्हणाले, "विठाबाई, तो डबा काढा हो. जाता जाता दौलतरावांकडे देतो." मला घासलं, भरलं, मी निघालो. रस्ताभर मी ऐटीत होतो.

दौलतरावांनी दार अर्धंच उघडलं. आत पडदे ओढलेले. "तुम्ही इथेच थांबा, मी रिकामा करून आणतो," म्हणत त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. माझी कडी त्यांना सापडेना. निम्मा भात ताटाबाहेर सांडला. मला वाटलं, बघा, किती बेपर्वाईने वागवतात! मग त्यांनी फळीवर चाचपडत एक बरणी काढली आणि चमचाभर माझ्यात घातलं. मीठ! मित्रांनो, माझ्यात मीठ घातलं त्यांनी! इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. आठवडाभर मी रुसून बसलो.

पुढच्या गुरुवारी हिम्मतरावांनी सवयीने चिमूट तोंडात टाकली. "थूऽऽ! अहो, मीठ आहे हे!" सगळे खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "दौलतराव रागावलेत वाटतं!"

केतकी हसली नाही. ती मोबाइल उचलून जुने निरोप वर वर सरकवत गेली. मग एकदम थांबली. "हिम्मतकाका, तुमचे भाऊ गेले तेव्हा मी इथे कळवलं होतं."

"हो. त्यावरही दौलतरावांनी अंगठाच दाखवला," हिम्मतराव हळूच म्हणाले. "मला लागलं होतं ते. बोललो नाही मी कुणाला."

"काका वाचतच नाहीत," केतकी म्हणाली. "टिंग वाजलं की फक्त बोट ठेवतात. धम्मानंदकाका, त्यांना दिसत नाहीये!"

जेवणं तशीच ताटात राहिली. सगळे विद्यानगरला धावले. दौलतराव आधी नाही नाही म्हणाले, मग रडले. "अख्ख्या गावाला मी डोळे तपासायला बसवलं. आता कुठल्या तोंडाने त्याच रांगेत उभा राहू?"

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशनने दिसेल. डाव्या डोळ्यात काचबिंदू होता. तो डोळा गेला. "चार महिने आधी आणलं असतंत, तर काहीतरी वाचवता आलं असतं."

चार महिने मी कपाटावर बसून मोबाइलचा हेवा करत होतो. त्यांचे हात चाचपडताना मी बघितले, अगदी जवळून बघितले, आणि मला माझाच अपमान दिसला. केतकीला मिठावरून कळलं ते मला कळलं नाही. याची मला फार लाज वाटते.

आता दौलतराव सभेला येतात. डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली की तोच मोबाइल वाजतो, आणि खरं सांगतो, अजूनही मी जळतो. पण तो फुटावा असं आता म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कुणी दोन-चार वेळा आलं नाही, तर त्याच्या दारात जा. आत जा, बसा, त्याच्या तोंडाकडे नीट बघा. मला नेलं नाहीत तरी चालेल. मी रुसणार नाही.