पिवळा ठिपका

त्या रविवारी पिपलानी वसाहतीत गोपीनाथांच्या ओट्यावर चोरी पकडली गेली, आणि हसता हसता समोरच्या सुमित्राकाकूंचा चष्मा खाली पडला.

गोपीनाथ कारखान्यात तपासनीस होते. तिथे पास झालेल्या यंत्राच्या भागावर ते रंगाचा ठिपका देत. निवृत्तीनंतर रमीच्या चिंचोक्यांवर देऊ लागले. पैसे नाहीत. प्रत्येकी वीस चिंचोके, संपले की उठून चहा टाकायचा. आज शेजारच्या केशवकाकांच्या ढिगात सात चिंचोके बिनठिपक्याचे निघाले.

"घरून आणलेस?"

"अरे यार, यंदा चिंच स्वस्त आहे."

"दंड!" गोपीनाथ म्हणाले. "उद्या चौघांना पोहे. वर जीरावन मसाला भुरभुरून."

चौथी म्हणजे गोपीनाथांची मुलगी मंजूषा. ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची आणि पत्त्यांना हात लावायची नाही. केशवकाकांनी पूर्वी गावाबाहेर करोंदला सट्ट्यात राहतं घर घालवलं होतं. अशा माणसाला बोलावून खेळायला बसवणं तिला कधीच पटलं नव्हतं.

"बघा बाबा, नियम केले की पळवाटा आल्याच. सरकारनं फोनवरचे पैशांचे खेळ सरळ बंद केले. तुम्हीही हे बंद करा."

"मग केशव खेळायचा थांबेल?"

"निदान आपल्या ओट्यावर तरी."

"म्हणजे जिथे ठिपका बघायला कोणी नाही, तिथे खेळेल. इथे सातच्या सात सापडले की नाही?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," म्हणत ती चहा टाकायला वळली.

"चहा टाकतेय! म्हणजे हरली!" गोपीनाथ ओरडले.

"मुळीच नाही!" ती आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोपीनाथ झोपेतच गेले. पोहे राहिले.

तेराव्यानंतरच्या रविवारी केशवकाका डबा घेऊन आले. "दंड इतक्या उशिरा?" सुमित्राकाकू म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या. डब्यात पोहे चौघांपुरतेच होते.

काकांनी खिशातून मूठभर कोरे चिंचोके काढून ओट्यावर ठेवले.

"मंजू, परवा करोंदला जुना एक जण भेटला. म्हणाला, बंदीचं सोडा, आकडा मी गुपचूप लावून देतो. फोन काढला होता मी."

"मग?"

"मग आठवलं, गोपीनाथचा दंड बाकी आहे." ते हसले, पण एकटेच. "आता डाव बंद करायचा तर तसं सांग. घर तुझं आहे."

मंजूषा आत गेली. बाबांच्या खणात पिवळ्या रंगाची बाटली होती, शेजारी धुऊन पुसून ठेवलेला ब्रश. ती ओट्यावर येऊन बसली आणि एकेका चिंचोक्यावर ठिपका देऊ लागली. पहिला चांगलाच पसरला.

"हा त्यानं नापास केला असता," काकू म्हणाल्या.

"वीसच मिळतील, काका. आणि दर वेळी खिसे तपासणार."

"बाप रे! ही तर त्याच्याहून कडक निघाली!"

रंग वाळेपर्यंत पोहे संपले. मग काकांनी पत्ते वाटले. मंजूषाला धड सिक्वेन्ससुद्धा लागेना, आणि अर्ध्या तासात तिच्यापुढे एकही चिंचोका उरला नाही. दोघं तिच्याकडे बघत राहिले.

ती उठली. दाराशी बाबांची खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती मोठ्यानं, दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, तुमचंच बरोबर होतं. चहा टाकते."