धरलेला दोरा

मोठ्या डॉक्टरांनी शिवायचं आणि तिच्या आईने दोरा धरायचा, यातच दोघांची उभी हयात गेली होती. आई गेली, आणि महिना उलटायच्या आत तिच्या जागी लेक उभी राहिली. काम दिसायला सोपं. सलग टाके घालताना प्रत्येक टाक्यानंतर दोरा उचलून ताणून धरायचा. ढील पडली की मागचे टाके सैलावतात. जास्त ओढला तर रक्तवाहिनीच फाटते.

आज मांडीतली धमनी होती. गाडीखाली सापडलेला तरुण. चिमट्यांनी रक्त अडवलेलं, पाय पांढराफटक पडत चाललेला.

“हात जड आहे गं तुझा,” शेजारून सिस्टर पुटपुटल्या. “आईने दोरा धरलाय की नाही, तेसुद्धा कळायचं नाही.”

“पोरीला घाबरवू नका सिस्टर,” डॉक्टर मान वर न करता म्हणाले. “ते काम माझं.”

तिला हसू आलं, आणि तेवढ्यात ओल्या हातमोज्यातून दोरा निसटला. केसाएवढा निळा दोरा. आता सगळे टाके सैल पडणार.

पडले नाहीत. दोरा हवेत उचललेलाच होता, कुणीतरी चिमटीत धरावा तसा. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

“हं, आता कसं!” डॉक्टर खूश झाले. “असाच ताण ठेव.”

सुई भराभर फिरू लागली. प्रत्येक टाक्यासरशी दोरा खाली येई, पुन्हा वर जाई, जरासा डावीकडे कलून. आई डावखुरी होती.

शेवटचा टाका पडला.

“दे इकडे, गाठ मारतो.” त्यांनी दोरा ओढला. तो येईना. “अगं, सोड ना! पाय जाईल त्याचा.”

महिनाभरात आई इतकी जवळ आली नव्हती. एका शब्दाने ती जाईल, हेही तिला कळत होतं. तरुणाच्या पायाची बोटं निळी पडू लागली होती.

“आई,” मास्कच्या आत ती म्हणाली, “सोड.”

दोरा अलगद खाली आला. गाठी बसल्या.

“काप.”

तिने कापला. चिमटे निघाले. टाक्यांतून एक थेंबही आला नाही, आणि पावलावर हळूहळू रंग चढला.

“शेवटचे टाके सुरेख झाले,” डॉक्टर म्हणाले. “बसला हो तुझा हात.”

“नाही सर,” ती म्हणाली. “अजून नाही.”