आधी आंघोळ, मग मी

मी एक जुने पाते आहे. केस कापायच्या मशीनच्या तोंडाला बसणारे, दातेरी. मित्रांनो, गोडगोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा.

कारखान्यात पोलाद घासून मला घडवले आणि एका काकूंनी घरी आणले. त्यांच्याकडे पूडल जातीचा कुत्रा होता. या जातीचे केस फारसे गळत नाहीत, नुसते वाढत राहतात. म्हणून सगळे त्याला झिपऱ्या म्हणत. काकू आधी त्याला आंघोळ घालत. पार कोरडा करून कंगव्याने एकेक गुंता सोडवत. मग माझी पाळी. मध्येच मला मनगटाला लावून बघत. "थांब रे राजा, पातं तापलंय," म्हणून दोघे खिडकीत बसत. काम झाले की माझ्या दातांतले केस ब्रशने झाडत, दोन थेंब तेल देत. धार गेली की पिशवीत घालून बाजारामागच्या धारवाल्याकडे नेत.

"काकू, पात्याचे फार लाड करता हो!" धारवाला म्हणायचा.

"लाड कसले? माणूस दुखलं तर बोंबलतं. हे बिचारं काय बोलणार?"

काका तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत. झिपरा कुत्रा आत जातो आणि राजबिंडा होऊन बाहेर येतो, एवढेच त्यांना ठाऊक.

मग काकू वारल्या. मी कपाटात, कुत्रा पलंगाखाली, काका खुर्चीत. तिघेही एकाच बाईसाठी झुरत होतो, आणि एकमेकांना सांगायची सोय नव्हती. झिपऱ्याच्या केसांची चटई झाली.

मुलगी आली आणि कडाडली, "बाबा, काय दशा केलीत ह्याची! रविवारपर्यंत नीट केला नाहीत तर मी घेऊन जाणार."

"हात्तिच्या! तुझ्या आईला जमायचं, मला नाही जमणार?"

काकांनी अक्कल चालवली. आधी केस कापू, मग आंघोळ. साबण कमी लागेल! मातीने भरलेल्या त्या गुंत्यात मला कोरडेच घुसवले. मातीचा कण म्हणजे पात्याचा काळ. माझे दात बोथटले. मी कापेना, नुसते ओढू लागले. काकांनी आणखी दाबले. मी तापले, आणि झिपऱ्याच्या पोटाला चटका बसला. तो चावला नाही. कळवळून पलंगाखाली शिरला. काका ताटली घेऊन जमिनीवर बसले, "ये रे बाळा, चुकलं माझं," म्हणत राहिले. तो आला नाही.

रविवारी मुलीने माझ्यावर अंगठा फिरवला. "बाबा, धार कधी लावून आणली होतीत?"

"धार? ह्याला धार लावावी लागते?"

तिने मला टेबलावर ठेवले.

"अगं, पण तुझी आई तर कधी..." काका बोलता बोलता थांबले.

झिपऱ्या तिच्या कडेवर गेला, अर्धा भादरलेला, अर्धा तसाच. काकांनी हात पुढे केला तेव्हा त्याने तोंड तिच्या खांद्यात खुपसले. काका अजूनही वाकून पलंगाखाली बघतात. मी टेबलावर पडून आहे, गंजते आहे.

मित्रांनो, पात्याला तेल द्या, हे सांगायला मी कशाला हवे? तुमच्या घरात जे आपोआप होते असे वाटते, ते कोणीतरी करते आहे. ते माणूस आहे तोवर त्याच्या शेजारी जाऊन बसा, हात लावा, शिका. नंतर कितीही जोर लावलात तरी नुसता चटका बसतो, आणि तो बसतो तिसऱ्याच मुक्या जिवाला.