माझ्या काचांमागचा पिवळेपणा

मी एक जुना काळा चष्मा आहे, मित्रांनो. माझी डावी काडी दोऱ्याने बांधलेली आहे. दुर्गच्या बाजारात टोपलीत पडलो होतो, तेव्हा वाटायचं, एखादा ऐटबाज कॉलेजकुमार मला उचलेल. उचललं मात्र जवळच्या मरोदा वस्तीतल्या, पन्नाशीच्या वच्छलाबाईंनी, आणि त्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत!

त्यांचे डोळे लालभडक झाले होते, उजेड सोसवत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून डोळ्यांवर उलटली आहे. तिला आवरायला त्यांनी एक छोटी गोळी दिली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची आणि दर महिन्याला रक्त तपासायचं, कारण गोळी जास्त झाली तर यकृत बिघडतं. गोळी सोडली तर नजर जाण्याची भीती.

वच्छलाबाईंचे यजमान दीनानाथराव मालगाडीचे लोको पायलट. आपला सिग्नल कधी चुकला नाही, याचा त्यांना भारी अभिमान. ते म्हणाले, "तुले भुलायची आदत आहे. गोळीची ड्यूटी माह्याकडे. माह्या रेस्टच्या दिवशी मीच देत जाईन."

त्या घरात वार कोणी मोजतच नसे. मटण, धुणं, पाहुणे, सारं रेस्टवर ठरायचं. पण मालगाडीवाल्याची रेस्ट, म्हणजे ड्यूट्यांमधली सुट्टी, कधी सहा दिवसांनी येते, तर कधी दोनच दिवसांत. दीनानाथराव घरी आले की मायेने पाण्याचा पेला आणि गोळी पुढे करत. रक्त तपासायला निघावं, तर नेमका ड्यूटीचा कॉल यायचा. एकटीने जाण्याइतकं वच्छलाबाईंना दिसत नव्हतं.

डोळ्यांची लाली ओसरली, पण उजेड अजून खुपायचा, म्हणून मी नाकावरच राहिलो. "आई तर हिरोईन दिसून राहिली," असं त्यांची लेक कीर्ती म्हणाली आणि मी फुगून गेलो. पुढे वच्छलाबाईंचं तोंड आलं, भाकरी गिळवेना. उन्हाळा बाधला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

मग एके सकाळी मला त्यांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळी झाक दिसली. दोन दिवसांत हळद पसरावी तशी ती पसरली. त्या डोळ्यांच्या इतक्या जवळ मीच होतो, मित्रांनो. सर्वांत आधी मी पाहिलं आणि मीच ते झाकून ठेवलं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. आजही त्याची लाज वाटते.

बरं झालं, माझा स्क्रू निसटला. कीर्ती मोहन नगरहून भेटायला आली होती, तेव्हाच माझी काडी निघाली आणि मी जमिनीवर पडलो. मला उचलून देताना तिने वर पाहिलं.

"आई, तुहे डोळे इतके पिवळे कावून?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कोणत्या वारी घेता? दीनानाथराव बोटांवर रेस्ट मोजू लागले. गेल्या आठवड्याच्याच तीन निघाल्या. ते भिंतीला टेकून खाली बसले.

"मीच दिली जी. माह्याच हातानं."

अकरा दिवसांनी वच्छलाबाई घरी आल्या. यकृत हळूहळू सावरतंय. पण गोळी बंद होताच डोळ्यांची आग परतली आणि उजव्या डोळ्याला आता समोरचं दारही धूसर दिसतं. रक्त ताळ्यावर आल्याशिवाय नवं औषध सुरू होणार नाही. तोवर नजर टिकेल का, ते कोणी सांगत नाही.

हल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरवर रक्त तपासायच्या वारांभोवती लाल पेनाचे गोल असतात. ड्यूटीवर निघण्याआधी दीनानाथराव वच्छलाबाईंना उंबऱ्यापाशी उजेडात आणतात आणि दोन्ही हातांनी मला उतरवतात.

"लाल आहे का पिवळा?" त्या विचारतात.

"आज लालच आहे."

"मंग जा तुमी. पण मले तुमचं तोंड दिसून नाही राहिलं जी."

मला परत चढवताना दीनानाथराव दोऱ्याची काडी हळूच त्यांच्या कानामागे बसवतात.

मित्रांनो, मला पुसलं नाही, ओरखडे पडू दिले, तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कोणी माझ्यासारख्याच्या आड बसलं असेल, तर रोज एकदा त्याला उजेडात न्या, मला काढा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. मला सगळं दिसतं. सांगता तेवढं येत नाही.