मधला कप्पा

बारकीच्या घरात कधी कुणाचं कुणाशी पटत नसे, पण ती प्राणिसंग्रहालयातल्या कामाचं शिक्षण घ्यायचं म्हणाली तेव्हा सगळ्यांचं एका झटक्यात एकमत झालं. हे काही चालायचं नाही. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. दादा बँकेत होता, तो हिशेबानेच बोलला.

"जनावरांची घाण काढायला कॉलेज लागतं होय? तुझी खोली अजून आई झाडते. आधी तिथे पास हो."

बारकीने नर्सिंगचं एक वर्ष अर्ध्यावर टाकून दिलं होतं, त्यामुळे तिला तोंड वर करून बोलायला जागा नव्हती. बोलले ते बाबा. बाबा शिंपी. दिवसभर मशीनवर वाकलेले, ओठांत टाचण्या, त्यामुळे त्यांचं बोलणं म्हणजे हुंकारच. त्या दिवशी त्यांनी टाचण्या काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या आणि म्हणाले, "नर्सिंगला आपल्या सगळ्यांच्या मनाने गेली. आता तिच्या मनाने जाऊ दे."

झालं. विषय मिटला, आणि बारकी अडकली ती तिथेच. पण हे तिला फार पुढे कळलं.

कॉलेजच्या मागेच त्यांचं छोटं प्राणिसंग्रहालय होतं आणि तिथलं सगळं काम मुलंच करत. सकाळी झाडलोट, मग खाणं कापायचं, वजनं घ्यायची, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा झाडलोट. प्रत्येक जोडीला एक प्राणी मिळे. बारकीच्या मनात हरणाचं पाडस होतं, गेला बाजार माकड तरी. तिच्या वाट्याला आलं तरस. म्हातारी मादी, एक कान फाटलेला, मागचे पाय आखूड, चालायला लागली की कुणावर तरी रुसून निघाल्यासारखी दिसायची. आधीच्या मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं आत्याबाई. येईल त्याला ती आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळायची, आणि बहुतेक कुणी तिला पसंत पडायचं नाही.

पण हुशार होती. काठीच्या टोकाला लाल चेंडू लावलेला असे. "टेकव" म्हटलं की तिने जाळीतून त्याला नाक लावायचं, की शिट्टी वाजायची आणि बकऱ्याच्या काळजाचा तुकडा मिळायचा. एवढं ती चटकन शिकली. पुढचं शिकवणं होतं जाळीला अंग लावून निजायचं, म्हणजे बेशुद्ध न करता तिचं रक्त तपासायला घेता येईल. ते बारकीने सुरू केलं होतं. या कामात तिला वेळ कसा गेला ते कळत नसे.

त्रास दुसराच होता. आत्याबाईच्या अंगणात झाडायला जाताना दोन दारं ओलांडावी लागत. बाहेरचं दार उघडायचं, मधल्या अरुंद कप्प्यात शिरायचं, जोडीदाराने बाहेरून कुलूप लावायचं आणि मगच आतलं दार उघडायचं. तेव्हा आत्याबाई मागच्या खोलीत कोंडलेली असे. भ्यायचं काही कारण नव्हतं. तरी पाठीमागे ते कुलूप खट्‌ करून लागलं की बारकीच्या छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं होई. कधी एकदा झाडून बाहेर पडते असं होई, आणि बाहेर पडल्यावर उद्याचं झाडणं दिसू लागे.

हे सांगणार कुणाला? सुट्टीत घरी गेली तर बाबांच्या दुकानाच्या काचेत तिचा गणवेशातला फोटो लावलेला. लोक काय म्हणतील म्हणणारी आई आता लोकांना बोलावून बोलावून सांगत होती, "आमची बारकी वाघ सांभाळते."

"वाघ नाही गं, तरस."

"तेच ते. तरस म्हटलं की पुन्हा समजावून सांगत बसावं लागतं."

दादासुद्धा बँकेत "माझी बहीण" म्हणून तिच्या गोष्टी सांगायचा, असं वहिनीकडून कळलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. एक शिक्षण सोडून आलेली मुलगी दुसरं कोणत्या तोंडाने सोडणार? बारकी हसत हसत चहा प्यायली आणि रविवारच्या गाडीने परत गेली.

तिचा जोडीदार होता लांब्या. उंचीमुळे नाव पडलेलं. दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून मामांनी त्याला इथे आणून टाकलं होतं. मुलगा मनाने वाईट नव्हता, पण त्याचं अर्धं लक्ष कायम दुसरीकडे. खोलीचं सरकतं लोखंडी दार बाहेरून साखळीने खाली सोडायचं आणि त्यात खुंटी घालायची, हे त्याचं काम. आत जाणाऱ्याने ती खुंटी स्वतः डोळ्यांनी पाहायची, असा मॅडमचा नियम होता. विभाग मॅडमच्या हाताखाली होता, आणि हा नियम त्या इतक्यांदा सांगत की मुलं त्यांची नक्कल करत.

त्या सकाळी बारकी मधल्या कप्प्यात शिरली तेव्हाच तिची छाती दडपली होती. ती ओरडली, "खुंटी?"

"हो हो," लांब्या म्हणाला. त्याने बाहेरचं कुलूप लावलं. तिथेच उभं राहायचं सोडून तो किल्ली घेऊन खाण्याच्या बादल्या आणायला गेला.

बारकीने भराभर झाडायला घेतलं. ती पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली असेल नसेल, मागे लोखंड खरखरलं. वळून पाहिलं तर सरकतं दार खालून वर उचललं जात होतं आणि त्याखाली एक काळं नाक होतं.

ती धावली कशी हे तिला नंतर आठवेना. हातातला खराटा पडला, खिशातलं आतल्या दाराचं कुलूप पडलं. ती कप्प्यात शिरली, दार लोटलं, आणि तेव्हा लक्षात आलं की दार कप्प्याच्या बाजूला उघडणारं, ते लावायला कुलूप नाही आणि समोरचं दार बाहेरून बंद. तिने पाठ आतल्या दाराला लावली, दोन्ही पाय समोरच्या दारावर रोवले आणि मध्ये स्वतःला पाचरीसारखं ठोकून घेतलं. कप्पा एवढा अरुंद होता म्हणूनच ते जमलं.

आत्याबाई सावकाश आली. आधी हुंगणं ऐकू आलं, मग जाळीतून ऊन श्वास मानेवर आला. मग दारावर एक ढुशी बसली. फार जोराची नव्हती, कोण आहे म्हणून विचारल्यासारखी. बारकीचे गुडघे वाकले, तिने ते पुन्हा ताणले. ती लांब्याला हाका मारू लागली, तशी आत्याबाई चवताळून गुरगुरली. हाका बंद झाल्या.

मग तिच्या तोंडून सवयीने निघालं, "टेकव."

आणि खांद्याजवळ जाळीला काहीतरी ओलं लागलं.

"शाब्बास," बारकी पुटपुटली. शिट्टी गळ्यात होती, पण हात सोडवत नव्हता. काळीज तर नव्हतंच. "टेकव." पुन्हा ओलं नाक लागलं. आत्याबाई मान्य करत होती, पण दर वेळी थोडी उशिरा. फुकटात किती वेळ टेकवणार? थोड्या वेळाने ती कण्हल्यासारखी ओरडली आणि तिने छातीने दार रेटलं. बारकीच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. ती बोलत राहिली. टेकव, शाब्बास, थांब हं, आत्याबाई, थांब. आपल्या आवाजात आईचा सूर लागलाय हे तिला मध्येच जाणवलं. आई गॅसवाल्याशी असंच बोलायची.

फेरीवर आलेल्या मॅडमनी हे पाहिलं. त्या धावल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी मागे जाऊन काळजाचा डबा खोलीच्या गजावर वाजवला, आत्याबाईला नेहमीची हाक मारली आणि ती आत गेल्यावर दार सोडून खुंटी घातली. मग आपल्या किल्लीने बाहेरचं दार उघडलं.

"ये आता."

बारकीला येता येईना. पाय सरळच्या सरळ राहिले होते. मॅडमनी आणि बादल्या टाकून पळत आलेल्या लांब्याने तिला एखादं कपाट काढावं तसं बाहेर काढलं.

संध्याकाळी लांब्या तिला जेवणघराबाहेर गाठून म्हणाला, "तू खुंटीचं विचारलंच नाहीस, असं सांगशील? मामा मला दारात उभं करणार नाहीत."

बारकी आत जाऊन ताट घेऊन बसली. मॅडमसमोर उभी राहिल्यावर तिने घडलं तसं सांगितलं. विचारलं होतं, तो हो म्हणाला.

"आणि तू पाहिलीस?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर मॅडमनीच दिलं. "तुला कोंडल्यासारखं होतं. पहिल्या महिन्यापासून बघतेय मी. घाबरणं गुन्हा नाही, मीही घाबरते. पण तू घाबरलीस की घाई करतेस, आणि घाईत बघायचं राहून जातं. आज तू मेली असतीस. सोडायचं असेल तर सोड. प्रकृती साथ देत नाही असं मी सांगेन, तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी दार उघडून धरलं होतं. बारकी दुसऱ्याच दिवशी घरी गेली.

पहिले काही दिवस ती नुसती झोपली. मग जाग आली तसं घर दिसायला लागलं. दुकानाच्या काचेतला फोटो आईने उतरवला होता. शेजारणींनी विचारलं, सुट्टी किती दिवस, की आई म्हणे, "आहे अजून." रागावत कुणी नव्हतं. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. दादा तर इतका गोड झाला की वहिनीही चकित. त्याच्या ओळखीत एक मुलगा होता, स्वतःचं औषधांचं दुकान असलेला.

"त्यालाही प्राण्यांची आवड आहे," दादा म्हणाला. "पोपट आहे त्याच्याकडे."

मुलाकडचे येऊन बघून गेले. बारकीने चहा नेला. परत स्वयंपाकघरात येताना मागे दाराची कडी नुसती वाजली, आणि तिच्या छातीवर तोच गुडघा येऊन बसला. इथे तर तरसही नव्हतं.

दुपारी ती बाबांच्या दुकानात काजं करायला बसायची. एकदा बाबांनी मशीन थांबवून विचारलं, "तिथे नक्की काय व्हायचं तुला?"

तिने सांगितलं. दारं, कप्पा, कुलूप, सगळं. बाबा ऐकत राहिले.

"आणि इथे?"

तिने एक काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला. "इथेही होतं."

बाबांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. आता ते काहीतरी ठरवून टाकतील या आशेने ती बघत राहिली. ते म्हणाले, "मला काही सुचत नाही गं, बारके. मागे बोललो ते कसंबसं बोललो. तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. आता पुन्हा ते बळ नाही माझ्यात. काय ते तूच सांग त्यांना."

तिला बाबांचा राग आला. तो राग दोन दिवस टिकला आणि त्याच्याच जोरावर तिने जेवताना सांगून टाकलं. "मी परत जातेय. तिथे मला भीती वाटते. तरी जातेय."

"भीती वाटते तर कशाला?" दादा म्हणाला. तो चिडला नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"आत्याबाईला जाळीशी निजायला शिकवत होते. ते अर्धं राहिलंय."

"आणि पोपटवाल्यांना काय सांगू?"

"हेच सांग."

आई ताटावरून उठली नाही, पण त्यानंतर जेवलीही नाही. निघताना तिने डबा दिला आणि एवढंच म्हणाली, "या खेपेला परत आलीस तर मला बाहेर तोंड दाखवायला जागा नाही." म्हणजे मागचं दार बंद झालं होतं. बारकीला ते गाडीत बसल्यावर नीट कळलं, आणि पहिल्या दोन स्टेशनांपर्यंत तिला उतरून परत जावंसं वाटत होतं.

मॅडमनी तिचं नाव पटावरून कमी केलेलं नव्हतं, आजारपणाची रजा लावली होती. लांब्यालाही काढलं नव्हतं, पण त्याला पुन्हा पहिल्या सत्राला बसवून पाणपक्ष्यांकडे धाडलं होतं. तिथे तो बरा रमला होता. बारकीला बघून तो आधी खाली बघायला लागला, मग म्हणाला, "मी खरंच घातली असं समजत होतो." तिने मान हलवली.

मॅडमनी तिला बरेच दिवस आत जाऊ दिलं नाही. नुसत्या खुंट्या आणि कुलपं. घाल, बघ, ओढून बघ, सांग. मग एका सकाळी म्हणाल्या, "चल, मी आहे बाहेर."

बारकीने मागे जाऊन खुंटी पाहिली, हाताने ओढली. कप्प्यात शिरली. मागे कुलूप लागलं आणि गुडघा आला, अगदी पूर्वीसारखाच.

"घाई आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही," बारकी म्हणाली. हे खोटं होतं. पण ती उभी राहिली. श्वास थोडा मोकळा झाला, पूर्ण नाही. तेवढ्यावर तिने आतलं दार उघडलं, कुलूप कडीला अडकवलं आणि कोपऱ्यापासून झाडायला घेतलं.

झाडून झाल्यावर ती बाहेरून जाळीजवळ बसली, काठी आणि काळजाचा डबा घेऊन. ती नव्हती त्या काळात दुसऱ्या एका मुलीने आत्याबाईला सांभाळलं होतं आणि जाळीशी निजायलाही शिकवलं होतं, असं मॅडम म्हणाल्या. त्या मुलीपुढे आत्याबाई छान निजते. बारकीने शिट्टी ओठांत धरली, चेंडू पुढे केला.

"टेकव."

आत्याबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग उठली, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि पाठ करून बसली.