अर्जुनाच्या झाडाला बांधलेला डोंगा

मी एक जुना डोंगा आहे, मित्रांनो. आधीच सांगून ठेवतो, मला होडी म्हणू नका. होडी फळ्या ठोकून करतात. डोंगा एका अखंड खोडातून कोरतात, आणि माझ्या अंगात कुठेही सांधा नाही याचा मला या वयातही ताठा आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वी बिसराम सुताराने एका आंब्याच्या खोडातून दोन डोंगे कोरले. बुंध्याकडचा मी, शेंड्याकडचा माझा धाकटा भाऊ. बिसराम वाकसाने लाकूड तासता तासता मधेच थांबायचा आणि माझ्या पोटावर टिचकी मारून कान लावायचा. आवाज मनासारखा आला की पुन्हा कामाला लागायचा. पंधरा-वीस दिवसांनी त्याने आम्हाला डांबर फासले आणि केवलराम नावाच्या मासेमार ढिवराने आम्हाला नदीत सोडले. पाणी अंगाला लागले तेव्हा मी इतका डुललो की केवलराम चिडून म्हणाला, "सरळ राय ना बे!"

पुढे कितीतरी वर्षे आम्ही दोघांनी त्या घाटावर माणसे पार केली. नवऱ्या मुली, मास्तर, धानाची पोती, शेळ्या, सगळे माझ्यात बसले. पावसाळ्यात नदी फुगली तरी लोक म्हणायचे, केवलरामाचा मोठा डोंगा आहे ना, मग भिऊ नका. अशी वाक्ये मी नीट लक्षात ठेवली आहेत. मग नदीवर पूल झाला आणि त्या दिवसापासून घाटावर कुणी फिरकले नाही. आम्हाला काठावर पालथे घातले. बाया माझ्या पाठीवर मोहफुले वाळवायच्या, शेळ्या उड्या मारायच्या. मी रागावलो होतो, पण पालथ्या डोंग्याचा राग कुणाला दिसतो?

आम्हाला परत सरळ केले ते केवलरामाचा मुलगा चैतराम याने. चैतरामचे घर पाळटोला गावात, मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली होते. एका वर्षी मातीची भिंत बसली आणि घर पडले. जागा भावकीत गेली, आणि ग्रामपंचायतीच्या वहीतून घराचा नंबरही खोडला गेला. त्याच सुमारास मच्छीमार सोसायटीने त्याला तलावातल्या मासळीची राखण दिली. काठाला झोपडी बांधावी तर जमीन पाटबंधारे खात्याची. खुंटी ठोकली की साहेब यायचे आणि उपटायला लावायचे. पाण्यावर राहू नका असे मात्र कुणी म्हटले नव्हते. म्हणून चैतरामने आम्हा दोघा भावांना नदीकाठावरून बैलगाडीने तलावावर आणले, शेजारी ठेवले, आडवे बांबू बांधून जोडले, वर फळ्या टाकल्या आणि त्यावर टिनाचे छप्पर केले. त्या घरात तो, त्याची बायको रुख्मा आणि मुलगी रेणू राहू लागली.

पाण्यावरचा संसार म्हणजे सगळे निराळे. चूल मातीने लिंपलेल्या घमेल्यात. रेणूची पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत, छपराला टांगलेली. पाहुणा आला तर तो पाळीवर उभा राहून ओरडायचा, रुख्मा थाळी वाजवून उत्तर द्यायची आणि चैतराम अख्खे घरच वल्हवत त्याला घ्यायला काठाशी आणायचा. रेणू माझ्याच कडेवर पाय सोडून अभ्यास करायची. बारावी झाली तेव्हा तिने निकाल सगळ्यात आधी मोठ्याने वाचला तो माझ्यावर बसून.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. आम्ही वर्षभर एका जागी राहत नव्हतो. उन्हाळ्यात पाणी आटून पाळीपाशी गोळा होते, म्हणून तेव्हा आमचा मुक्काम पाळटोल्याच्या बाजूला, एका अर्जुनाच्या झाडापाशी. पावसाळ्यात मासे नाल्याच्या तोंडाशी चढतात आणि चोरटी जाळीही तिथेच पडतात. तेव्हा आम्ही तलाव ओलांडून पलीकडे, रानटोला या दुसऱ्या गावाच्या बाजूला जायचो. तिथे मोबाइललाही रेंज नव्हती.

त्या वर्षी पाळटोल्याच्या अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली. अर्जदार त्याच गावची रहिवासी हवी, अशी अट होती. रेणू एकोणीस वर्षांची होती. लहान पोरे तिला फार आवडत. बाजाराच्या दिवशी माय मासळी विकायची आणि ही बाजूला बसून दुसऱ्यांची पोरे खेळवायची. मे महिन्याच्या एका दुपारी गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणारी रीता आमच्याकडे आली आणि फळीवर मांडी घालून बसली.

"पत्ता सांगा, काका. घर नंबर?"

"घर पान्यावर हाये," चैतराम म्हणाला. "नंबर कायचा?"

"काही तरी तर टाका लागन ना जी. पोस्टानं चिठ्ठी येईल, ते कुठं येईल?"

चैतरामने मान वर केली. समोर अर्जुनाचे झाड होते आणि त्याच्या खोडाला माझी दोरी होती. "लिव्ह," तो म्हणाला. "पाळटोला, पाळीजवळ, अर्जुनाच्या झाडाले बांधलेला डोंगा."

मित्रांनो, खरे सांगतो, मी सुखावलो. माझे नाव सरकारी कागदावर लागले होते. नावाड्याला कुणी ठिकाण विचारले की तो दोरी जिथे बांधली असेल ते सांगतो, चैतरामनेही तेच केले. चिठ्ठी यायला दोन-तीन महिने लागतील आणि तोवर दोरी दुसरीकडे असेल, हे त्याच्या ध्यानात आले नाही. माझ्याही आले नाही. मी तर तलावाचे पाणी अंगावर मोजणारा. मला तरी सुचायला हवे होते, पण मी माझ्या नावातच दंग होतो.

जुलैत तलाव भरला. आम्ही रानटोल्याकडे गेलो. तिकडे पाळीजवळचे अर्जुनाचे झाड कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले.

पोस्टात जागेश्वर नावाचा नवा माणूस आला होता. तो रेणूच्या नावाचे रजिस्टर पत्र घेऊन तीनदा पाळीवर आला. झाड होते, डोंगा नव्हता. तीनदा तो परत गेला आणि पत्र पोस्टात पडून राहिले. सात दिवस ठेवायचे आणि मग पाठवणाऱ्याकडे परत, असा नियम आहे.

सहावा दिवस बाजाराचा होता. जागेश्वर दर आठवड्याला मासळी घ्यायचा, आणि तीही रुख्माकडूनच. तिथे काय झाले ते रुख्माने घरी येऊन, धापा टाकत सांगितले. जागेश्वर वाम मासा तोलून घेता घेता सहज म्हणाला, "बाई, तुम्ही तलावावरच्या ना? हे रेणू चैतराम कोन हाये जी? डोंग्यात रायते म्हनते. मी पान्यात जाऊन शोधू का तिले?"

"माही पोरगी हाये ते!" रुख्मा ओरडली आणि टोपली तशीच टाकून पोस्टाकडे पळाली.

पत्रात लिहिले होते की रेणूचे नाव यादीत पहिले आहे. मूळ कागद आणि गावचा रहिवासी दाखला घेऊन अठ्ठावीस तारखेपर्यंत तालुक्याच्या कार्यालयात हजर राहावे, नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाचा विचार होईल. त्या दिवशी चोवीस तारीख होती.

दुसऱ्या दिवशी चैतराम आणि रेणू पाळटोल्याच्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाला, तुम्ही तर रानटोल्याच्या हद्दीत राहता. ते रानटोल्याला गेले. तिथला म्हणाला, तुमच्या फॉर्मवर पाळटोला आहे. दोघेही खोटे बोलत नव्हते, म्हणून भांडताही येईना. सव्वीस तारखेला रुख्माने पाळटोल्याच्या सरपंच सुलोचनाबाईंना गाठले आणि पाळीवरून हाक मारून आमच्यापाशी आणले. मनाने बाई चांगल्या, पण बोलायला रोखठोक.

"चैतरामभाऊ, तुम्ही याच गावचे, हे मले ठाऊक हाये," त्या माझ्या फळीवर उभ्या राहून म्हणाल्या. "पन फिरत्या घराले मी नंबर कसा देऊ? आज इथं, उद्या तिथं. याले एका जागी ठेवा. माह्या घरामागच्या वाडीचा कोपरा रिकामा पडला हाये, तिथं ठेवा. घर उभं दिसलं का मी त्याच दिवशी नोंद घेतो, दाखला देतो."

मला त्यांचा असा राग आला! मी, सरकारी कागदावरचा डोंगा, वाडीच्या कोपऱ्यात?

त्या गेल्या. मग रेणू म्हणाली, "बाबा, राहू द्या. पुढच्या साली अजून जागा निघन."

"निघन का नाई, कोन सांगते?" रुख्मा म्हणाली. "आनि पुढच्या सालीही हेच इचारतीन. घर कुठं हाये? तवा काय सांगशील?"

"डोंगा भाईर काढला तर राखन कायनं करू?" चैतराम म्हणाला.

"दोन हायेत ना. लहान्या पान्यात ठेव. मोठा भाईर काढ. ते बुढा झाला आता."

म्हातारा! तेही रुख्माच्या तोंडून! मी घाबरलो होतो, मित्रांनो. भाऊ आणि मी एकाच खोडाचे, कधी एक दिवसही वेगळे झालो नव्हतो. शिवाय पाण्यातून काढलेल्या जुन्या लाकडाचे काय होते ते मला माहीत होते. पण रेणूकडे पाहिले. ती ते पत्र पिशवीत घालत होती, आणि घडी नीट बसावी म्हणून पुन:पुन्हा उलगडत होती. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी इतकी वर्षे लोकांना पलीकडे नेले ते त्यांना तिथे उतरता यावे म्हणून. या पोरीला मात्र, ती एकोणीस वर्षांची झाली तरी, मी कुठेच उतरवले नव्हते.

सत्तावीस तारखेला सकाळी आम्हाला तलाव ओलांडून पाळीपाशी आणले. रुख्माने विळ्याने दोऱ्या कापल्या. बांबू निघाले आणि भाऊ माझ्यापासून सुटून थोडा वाहत गेला. चैतरामने माझ्या तोंडावर हात ठेवला. "बापानं तुले पान्यात टाकलं," तो हळूच म्हणाला, "आनि मी भाईर काढून राहिलो. राग नोको धरू गा." मग खाली ओंडके टाकून बारा-पंधरा जणांनी मला ओढले. पाळीच्या चढावर मी दोनदा मागे घसरलो. पोरे टाळ्या पिटत होती, त्यांना ती जत्राच वाटत होती.

दुपारपर्यंत मला वाडीच्या कोपऱ्यात विटांवर बसवले. शेजारी चार लाकडी बल्ल्या रोवून माझ्यावरच्या फळ्या आणि टिन त्यावर चढवले. संध्याकाळी ग्रामसेवक आला, त्याने घराला दोन फेऱ्या मारल्या, वहीत नोंद केली आणि पांढऱ्या रंगाने माझ्या कुशीवर लिहिले: घर क्र. ११७. ब्रश गार होता. दाखला हातात पडला तेव्हा चुली पेटल्या होत्या. अठ्ठावीसला पहिल्या बसने रेणू तालुक्याला गेली आणि कागद देऊन आली.

त्यानंतर वाट पाहणे आले. मी तर त्या दिवसांत फार उदास होतो. तलाव पाळीपलीकडे, मला दिसेना. ऊन पडले की अंगातून बारीक कट असा आवाज यायचा. चैतराम रोज पहाटे धाकट्याला घेऊन राखणीला जायचा, आणि आल्यावर त्याच्या अंगाला जो वास असायचा त्यावरून मी पाण्याची खबर घ्यायचो.

ऑगस्टच्या मध्याला जागेश्वर सायकलवरून आला. यावेळी त्याने कुणाला काही विचारले नाही. माझ्या कुशीवरचा आकडा पाहिला, सायकल मलाच टेकवली आणि हाक मारली, "रेणू चैतराम!"

रेणूने सही करून पाकीट घेतले. ती फोडणार तोच चैतराम म्हणाला, "थांब. वरचं वाच आधी." त्याला वाचता येत नाही.

रेणूने वाचले, "कुमारी रेणू चैतराम, घर क्रमांक एकशे सतरा, पाळटोला."

"अजून एकदा वाच."

तिने पुन्हा वाचले. त्याने तिसऱ्यांदा वाचायला लावले. रुख्मा हातातले पीठ झटकत बाहेर आली होती, तीही ऐकत उभी राहिली. मी पाहिले, चैतराम आकडा ऐकताना ओठ हलवत होता, पाठ करत होता. मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "आता आतलं वाच."

आत नेमणूक होती.

मित्रांनो, मी आता तडकत चाललो आहे. रेणू सकाळी अंगणवाडीत जाण्याआधी माझ्यावर बादलीभर पाणी टाकते, तेवढ्यावर माझे भागते. तक्रार नाही. पण तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या वर्गात कुणी मुलगा किंवा मुलगी पत्त्याच्या ओळीत गावाचे नाव लिहून पुढे अडली, तर हसू नका. कुणाचे घर पाण्यावर असते, कुणाचे वीटभट्टीवर, कुणाचे मेंढरांमागे चालत असते. तुझ्याकडे यायचे कसे, एवढे तिला विचारा, आणि एकदा जाऊन या.